मावशीची नववी भाची

टॅक्सीवाल्यांशी कसं वागायचं हे मला तोंडपाठ होतं. भाडं आधी ठरवायचं, गाडीचा नंबर टिपून घ्यायचा, रस्ता माहीत असल्याचा आव आणायचा. त्या सकाळी आईला घेऊन परक्या शहराच्या स्टेशनाबाहेर आले आणि यातलं एकही आठवलं नाही.

आईच्या डोळ्याचं ऑपरेशन दहाला होतं. ते करणारे डॉक्टर महिन्यातून एकदाच तिथे येत. तिचा एक डोळा आधीच गेलेला, दुसऱ्याने माणसं नुसती हलताना दिसत. साडेआठ वाजले होते. मी हॉस्पिटल विचारत होते, तेवढ्यात स्टँडबाहेर गाडी लावलेला एक गोडबोल्या पुढे आला.

"ताई, ते हॉस्पिटल गेल्या महिन्यातच हललं. नवी जागा लांब आहे. चला, सोडतो."

त्याने बॅग उचललीसुद्धा. मी आपली निमूट त्याच्यामागे. एवढी शिकलेली मी, पण ऐनवेळी अक्कल गहाण पडली ती पडलीच.

"अगं, कुठे निघालीस? मी कधीची वाट बघतेय!"

क्लोकरूमच्या खिडकीमागून एक बाई तरातरा बाहेर आली. ठेंगणी, साठीकडे झुकलेली, कानामागे खडू खोचलेला. प्रवाशांच्या सामानावर नंबर घालायचा तो खडू. तिने गोडबोल्याच्या हातातून बॅग काढून घेतली.

"माझी भाची आहे ही. आणि हॉस्पिटलला काय पाय फुटले का रे?"

तो जो सटकला तो पुन्हा दिसला नाही.

आईने माझ्या दंडाला चिमटा काढला. "कोण गं ही? मला कुठली बहीण? पाच भावांत मी एकटी."

"ऐकू येतंय मला," बाई म्हणाली. "एकटी होतीस. आता दोघी झालो."

मला हॉस्पिटल आणि वेळ विचारून तिने समोरच्या स्टँडवरच्या एका टॅक्सीवाल्याला हाक मारली. "ही माझी बहीण, ही भाची. दहाच्या आत हॉस्पिटलात पोचव." बस, एवढंच. ना भाड्याची बोलणी, ना आणखी काही.

गाडीत बसल्यावर आई कुजबुजली, "हीच ठग नसेल कशावरून?"

टॅक्सीवाल्याला हसू आलं. "या आठवड्यातली ही मावशीची नववी भाची."

"म्हणजे खोटं आहे हे तुम्हाला ठाऊक आहे?" मी विचारलं.

"सगळ्या स्टँडला ठाऊक आहे."

मग त्याने सांगितलं. बावीस वर्षांपूर्वी मावशी पहिल्यांदा या शहरात उतरली, तेव्हा तिचा नवरा हॉस्पिटलात अखेरच्या घटका मोजत होता. एका टॅक्सीवाल्याने तिला दोन तास शहरभर फिरवलं. ती पोचली तेव्हा नवऱ्याच्या तोंडावर चादर ओढलेली होती. महिन्याभराने तिने क्लोकरूममध्ये नोकरी धरली.

"तो आमच्याच स्टँडवरचा होता. ती त्याला ओळखते. पण नाव तिने आजवर घेतलं नाही. सगळ्यांशी सारखंच बोलते. माझा बाप तेव्हा इथेच गाडी चालवायचा. त्याला मी कधी विचारलं नाही, आणि तिला विचारायची माझी छाती नाही."

नाव घेतलं असतं तर एक जण बदनाम झाला असता आणि बाकीचे मोकळे सुटले असते. या बाईने ते नाव गिळलं आणि अख्खा स्टँड सरळ ठेवला. बावीस वर्षं, रोज त्याच स्टँडसमोर बसून. मी कितीतरी मोठी म्हणवणारी माणसं पाहिली होती, पण एवढं मोठं कुणी पाहिलं नव्हतं.

नऊ वाजून दहा मिनिटांनी आम्ही पोचलो. हॉस्पिटल होतं तिथेच होतं. टॅक्सीवाल्याने मीटरप्रमाणे पैसे घेतले, पण गाडी हलवेना.

"आधी तिच्याशी बोला. तुमच्या तोंडून ऐकल्याशिवाय ती घास खात नाही. आमचा शब्द चालत नाही तिला." आणि त्याने फोन लावून दिला.

"दारावरची पाटी वाच," पलीकडून मावशी म्हणाली. मी वाचली. "बरोबर. आता उभी राहू नकोस, आत जा."

मी आभार मानणार, तोच आईने फोन ओढून घेतला. गाडीत ती सगळं ऐकत होती.

"अगं, ऐक," आई म्हणाली. "मला तू नुसती हलताना दिसलीस. डोळ्याची पट्टी सुटली की आधी तुझं तोंड बघायला येते."