गिटारमागचा कुकर

काल समीरच्या बँडमधली सुरभी त्यांचा नवा अल्बम ऐकवायला आली. ड्रम वाजवून तिच्या बोटांना चिकटपट्ट्या लागलेल्या. त्याच हातांनी तिने माझ्या कानांवर हेडफोन अलगद बसवले. माझा समीर जाऊन आठ महिने झाले. त्याने आपली गिटार घरीच रेकॉर्ड केली होती, स्वयंपाकघराशेजारच्या खोलीत.

"काकू, मागे तुमचा कुकर आलाय. आम्ही काढला नाही."

मला मेलीला ते संगीत कधी कळलं नाही. डोंगर फोडताहेत असंच वाटायचं. त्या गदारोळात शिट्टी झाली, आणि मग माझाच आवाज, "समीर, पान वाढलंय."

हाक मारताना उत्तर येणारच, असं आपण धरूनच चालतो, नाही का? गिटार क्षणभर थांबली.

"आलो गं, दोन मिनिटं," समीर म्हणाला.