आठ बोटांच्या आक्का

आक्कांच्या डाव्या हाताला तीनच बोटं होती. करंगळी आणि तिच्या शेजारचं बोट नवऱ्यानं कोयत्यानं तोडलं होतं. नव्या बायका त्या हाताकडं चोरून बघायच्या. आक्का हात पदराखाली घेत नसत. उलट पुढं करून म्हणायच्या, "बघून घ्या नीट. दोन नवऱ्याला दिली. ऱ्हायलेली आठ तुमच्या कामाला."

त्या भोरच्या. तिथं बौद्ध वस्तीत त्यांचं दोन खोल्यांचं घर होतं. साठी उलटली तरी दर शनिवारी एसटीनं हिर्डोशीला उतरून आमच्या वाडीचा चढ चढायच्या. त्यांचं काम मुठीचं. प्रत्येक घरानं रोज स्वयंपाकाआधी मूठभर तांदूळ नाहीतर नाचणी बाजूला टाकायची, आठवड्यानं ती एका डब्यात गोळा करायची आणि ज्या घरात चूल पेटत नाही तिथं पोचवायची. भोर-वेल्ह्याच्या डोंगरात बऱ्याच वाड्यांत त्यांनी अशी मूठ सुरू केली होती. पण स्वतः डबा कधी हातात घेतला नाही. वाडीतलीच एक बाई धरायच्या आणि तिच्याकडून करून घ्यायच्या. आमच्या वाडीत त्यांनी मला धरलं.

मी चारचौघांत तोंड उघडत नव्हते. "आक्का, मला बोलता येत न्हाई," म्हणाले, तर त्या म्हणाल्या, "बरं हाय की. बोलणाऱ्या बाया भांडणं लावत्यात. तू डबा म्होरं कर आन् गप उभी ऱ्हा. गप बाईला दारात किती येळ उभं ठिवतील?" पहिल्या शनिवारी त्या वाडीच्या तोंडाशी दगडावर पाठ करून बसल्या. मी सात घरं फिरले, एक शब्द बोलले नाही, आणि डबा अर्धा भरला. त्यांनी आत बघितलं. "लाजून एवढं मिळालं. बोलली आसतीस तर तेबी मिळालं नसतं."

काही घरांत आक्कांना चहा वेगळ्या कपात यायचा. त्या तो कप फिरवून बघायच्या आणि घरच्या बाईला विचारायच्या, "ह्यो माझ्यासाठी राखून ठिवलाय व्हय? मग तर मला परत यावंच लागंल." त्या परत जायच्याच. दोन-तीन घरांत कप बदलले. बाकीच्यांत तसेच राहिले.

एका गोष्टीवर मात्र त्या हटून बसायच्या. डबा दिवसाढवळ्या आणि पुढच्या दारानं न्यायचा. "भीक न्हाई ही. गावाची मूठ हाय. लपवायचं काय त्यात?"

आमच्या घराला भिंत लागून माझ्या थोरल्या चुलत दिरांचं घर. अठरा वर्षांत मी त्यांच्यासमोर बोलले नव्हते. ते आले की पदर ओढून आत जायचं, ही रीत. ते घरातलं धान्य विकून प्यायचे आणि बायकोला, संगीताला, हाताला येईल त्यानं मारायचे. एकदा तिचं डोकं उंबऱ्यावर आपटलं तेव्हा दोन दिवस तिला माणसं ओळखू येत नव्हती. त्यांच्या घरात चूल पेटत नव्हती, म्हणून मी तिकडं डबा नेला. पुढच्या दारानं, सकाळी, सगळी वाडी पाणी भरत असताना. संगीतानं सुपात तांदूळ घेतले आणि पटकन आत गेली.

दिरांना ते घरी येताना वाटेतच कळलं. "गावाची भीक खातीस माझ्या घरात?" एवढं मला भिंतीतून ऐकू आलं. मग मुसळ. तिच्या हाताचं हाड मोडलं तो आवाजसुद्धा इकडं आला. मग ते जबड्यावर मारत राहिले, आणि सांडलेले तांदूळ तिच्या तोंडात कोंबले. ती ओरडायची थांबली. मी पदर तोंडात धरून भिंतीला टेकून बसले होते. उठले नाही.

पुरुषांनी तिला घोंगडीच्या झोळीत घालून खाली नेलं, आणि तिथून टेम्पोनं भोरला. मागं मी तिच्या घरातली जमीन झाडली. तांदूळ लाल झाले होते आणि त्यांत दोन दात होते.

शनिवारी मी आक्कांसमोर डबा ठेवला. "ह्यो घ्या. म्या न्हाई करणार. माझ्यामुळं मेली आसती ती."

आक्का म्हणाल्या, "तुझ्यामुळं न्हाई. म्होरच्या दारानं न्यायला म्या सांगितलं. माझा नवरा मरून वीस वर्सं झाली. घरात मारणारा बाप्या आसला म्हंजी कसं जगायचं, ते म्या इसरले."

त्या उठल्या आणि थेट दिरांच्या अंगणात जाऊन बसल्या. मी आमच्या दारात उभी राहिले.

"कशापायी आलीस?" दिरांनी विचारलं.

"डबा म्या धाडला हुता. मारायचं तर मला मारायचं हुतं. ह्यापुढं तिच्या अंगाला हात लावशील तर आधी मी हितं बसलेली दिसंन."

दिरांनी त्यांची जात काढली. मग कोपऱ्यातला कुऱ्हाडीचा सुटा दांडा उचलला. पहिला तडाखा पाठीवर बसला. आक्का वाकल्या आणि परत ताठ झाल्या. दुसरा खांद्यावर. तिसरा बरगडीवर बसला तेव्हा ओलं लाकूड पिचावं तसा आवाज आला आणि त्यांच्या तोंडातून रक्त आलं. दारादारांत बायका उभ्या होत्या. कुणी हलत नव्हतं. दांडा पुन्हा वर गेला.

मी मधे कशी गेले ते आठवत नाही. डोक्यावरचा पदर पडला होता. "भावजी, दांडा खाली ठिवा."

ते माझ्याकडं बघतच राहिले. "तू बोलतीस व्हय माझ्याम्होरं?"

"व्हय. पोलिसांम्होरंबी बोलणार हाय."

दांडा माझ्या कानावर बसला. त्या कानानं मला अजून ऐकू येत नाही. मी आक्कांना चिकटून खाली बसले. थोड्या वेळानं शेजारची म्हातारी येऊन बसली, मग तिची सून, मग आणखी तिघी. दिरांनी दांडा स्वतःच्याच दारावर मारला, फळी फोडली आणि रानाकडं निघून गेले. दोन दिवसांनी पोलिसांनी त्यांना धरलं. जबाब मी दिला. संगीता वाचली. तिचा हात वाकडा राहिला आणि ती माहेरी भोंगवलीला गेली.

आक्का दवाखान्यातून घरी आल्या नाहीत. बरगडी आत फुप्फुसात घुसली होती. मी भेटायला गेले तेव्हा श्वास घेत घेत म्हणाल्या, "आता माझं ऐकत जाऊ नको. म्होरचं दार, मागचं दार, भोरला बसून मला काय कळतंय? जिच्या घरी न्यायचं तिला इचार." मग म्हणाल्या, "येल्ह्याकडं एका वाडीत मंदा म्हणून बाई हाय. नवी हाय, घाबरतीया. तिच्यासंगं जा. पर तू म्होरं होऊ नको. तिलाच करू दे." चार दिवसांनी त्या गेल्या.

मी वेल्ह्याला गेले. मंदाच्या वाडीत एका बाईच्या तोंडावर वळ होते, एक डोळा मिटलेला होता. मी मंदाच्या मागं उभी राहिले. मंदानं अडखळत विचारलं, "तांदूळ कुठल्या दारानं आणू, बाई?"

"आणूच नका," ती म्हणाली आणि आत गेली.

आम्ही माघारी आलो. पुढच्या शनिवारी मंदानं पुन्हा विचारलं. पुन्हा तेच. चौथ्या शनिवारी त्या बाईनं वाटेकडं बघितलं आणि हळूच म्हणाली, "गोठ्यात ठिवा. म्हशीच्या पाटीत. आमच्या ह्यांना वाटंल, पेंड हाय."

मंदानं फडक्यात बांधून तांदूळ तिथं ठेवले. संध्याकाळी नवरा घरी आला. आम्ही दोघी बांधाआड बसून होतो. थोड्या वेळानं कौलांतून धूर निघाला. मी चांगला कान त्या घराकडं करून बसले. शेवटची एसटी गेली तरी उठले नाही. आतून भांड्यांचा आवाज आला, जेवणाचा. दुसरा कसला आला नाही.