घंटा वाजली नाही

आखातात युद्ध पेटलं तेव्हा मी भिवंडीच्या कॉलेजात दुसऱ्या वर्षाला होते आणि गावात जो तो सेनापती झाला होता. धामणकर नाक्यावर शेअर रिक्षा भरेपर्यंत ड्रायव्हर विचारायचा, "अमेरिका को क्या पड़ी है?" मागे बसलेला, लूमवरून सुटलेला कारागीर त्याला उत्तर द्यायचा आणि नाका सुटेपर्यंत दोघांची जुंपलेली असायची. आमच्या घराला युद्धाचा चटका एवढाच की रॉकेलची रांग लांबली.

कॉलेजनेही लगेच वादविवाद स्पर्धा ठेवली. विषय होता, 'कुवेतसाठी अमेरिकेने युद्ध करायलाच हवे होते.' बाजू चिठ्ठीने मिळायची, मला विषयाच्या बाजूने बोलायचं आलं. मला काय, कुठलीही चालली असती. मास्तरांची मुलगी मी, उचलली जीभ लावली टाळ्याला!

घंटेवर माझी मैत्रीण होती. अंबाडीकडच्या शेतकऱ्याघरची, रोज एसटीने यायची. स्टेजवर बोल म्हटलं की तिच्या तोंडचं पाणी पळे, म्हणून सरांनी तिला घड्याळ आणि घंटा दिली. चार मिनिटांनी एक टोला, पाचला दोन. तिचे वडील कुवेतला ट्रक चालवायचे. इराक कुवेतमध्ये घुसला त्या ऑगस्टपासून त्यांचं पत्र नव्हतं. तिकडच्या आपल्या माणसांना विमानांनी परत आणलं, त्यांतही ते नव्हते. हे मला ठाऊक होतं. तिच्याच डब्यातली भाकरी खाताना तिने सांगितलं होतं.

तरी मी बोलले. टेबलावर हात आपटून म्हणाले, "न्यायाची किंमत मोजावीच लागते. चार माणसं मरतील, मरू देत!" टाळ्या पडल्या. मग काय, मी सुटलेच. घंटा वाजेना. मैत्रीण सांभाळून घेतेय असं समजून मी आणखी तेल, आणखी इतिहास काढला. शेवटी परीक्षकांनीच हात वर केला. सात मिनिटं झाली होती. मी स्पर्धेतून बाद.

मी फणकारत तिच्यासमोर गेले. "झोपली होतीस का गं?"

"मला वाटला, त्या मानसांचा तू आता पुढं कायतरी बोलशील," ती हळूच म्हणाली. "म्हनून टायम दिला."

मला तिथल्या तिथे रडू फुटलं. माफी मागितली तर "ऱ्हाऊ दे" म्हणाली आणि एसटी चुकेल म्हणून निघाली. त्यानंतर रोज सकाळी वर्गात शिरताना मी आधी तिचा चेहरा बघायचे. पत्र आलं का, हे विचारायची हिंमत मात्र कधी झाली नाही.

उन्हाळ्यात तिचे वडील आले. मी भीत भीत त्यांच्या घरी गेले. माणूस वाळून निम्मा झाला होता, पण हसत होता. मला खाटेवर बसवलं, चहा मागवला आणि म्हणाले, "पोरगी सांगते, तू लय झकास बोलतेस. लढाईवर पन बोललेलीस म्हने. बोल ना जरा, आयकू तरी."

म्हणजे घरी तिने एवढंच सांगितलं होतं. चहा आला तसा मी कप तोंडाला लावला. ते कौतुकाने माझ्या तोंडाकडे बघत थांबले होते.

"बाबा, तिचा घसा बसलाय आज," ती म्हणाली आणि माझ्या कपात आणखी चहा ओतला.