उखाण्यात गेलेला सेनापती

माझ्या भाचीचं लग्न मी एका उखाण्यात जवळजवळ मोडलं होतं. उखाण्याचं यमक मात्र चोख जमलं होतं, हे आजही कुणी नाकारत नाही.

आधी माझ्या दुखण्याची माहिती देतो. मला 'शून्यगड' नावाची एक मालिका फार आवडते. अंतराळात तरंगणारा एक किल्ला, त्यावर चाल करून येणारे परग्रहावरचे लोक आणि गड राखणारा एक उंच, अबोल सेनापती. (माझ्या बायकोच्या, म्हणजे सुनंदाच्या मते, 'पत्र्याच्या डब्यात बसून भांडणारी माणसं'.) गंगापूर रोडला माझं चष्म्याचं दुकान आहे. गिऱ्हाईक डोळे तपासायला येतं आणि जाताना शून्यगडावरचं माझं मत घेऊन जातं, चष्मा घेतला नाही तरी.

दर रविवारी आम्ही चाहते मंडळी मिसळ खायला जमतो. पूर्वी एकाच टेबलावर बसायचो. मालिका संपल्यापासून दोन टेबलं लागतात. कारण शेवटच्या भागात सेनापती गडाचं दार आतून लावून घेतो, पडदा पांढराफटक होतो आणि मालिका संपते! पुढे त्याचं काय झालं ते सांगायची तसदी कुणी घेतलेली नाही. तो मेला म्हणणारे एका टेबलावर, जिवंत आहे म्हणणारे दुसऱ्यावर. मी मेलावाल्यांचा पुढारी. जिवंतवाल्यांकडून आम्ही लिंबाची फोडसुद्धा मागून घेत नाही.

असं सगळं सुरळीत चाललेलं असताना माझ्या भाचीचं, गार्गीचं लग्न ठरलं. मुलगा निफाडचा, अक्षय. घरची द्राक्षबाग, माणसं साधी, मुलगा हसतमुख. गार्गीचं काम कॉम्प्युटरवरचं, घरून करता येण्यासारखं, त्यामुळे लग्नानंतर ती निफाडलाच राहणार होती. काळजी एकच होती. गार्गी आणि तिच्या होणाऱ्या सासूबाई, विमलताई, यांना आपसात बोलायला विषयच नव्हता. विमलताई फोन करून विचारायच्या, जेवलीस का? ही म्हणायची, हो. काय होतं? पोळीभाजी. झालं, फोन संपला. त्यांना बागेपलीकडे बोलायची सवय नाही आणि आमच्या पोरीला द्राक्षातलं एवढंच कळतं की ती गोड असतात. माझी बहीण, म्हणजे गार्गीची आई, रोज माझ्या दुकानात येऊन डोळे पुसायची. "दादा, पोरगी त्या घरात दिवसभर बोलणार कुणाशी?"

मग एकाएकी चमत्कार झाला. दोघींचे फोन लांबायला लागले. संध्याकाळी दिवा लागला की फोन सुरू, तो कुकरच्या शिट्ट्या होऊन गेल्या तरी चालूच. गार्गी हसतेय, मधेच 'अगं बाई' म्हणतेय, एकदा तर चक्क डोळ्यांत पाणी! बहिणीने देवाला पेढे ठेवले. दोघी एवढं काय बोलतात ते मला कुणी सांगितलं नाही आणि मीही विचारलं नाही. इथेच घात झाला.

लग्नाआधी मामाकडचं केळवण असतं, तसं आम्हीही ठेवलं. निफाडहून अक्षय, विमलताई आणि अक्षयचे वडील अण्णा असे तिघे येणार होते. सुनंदाने पुरणपोळ्यांचा घाट घातला आणि पाहुणे येण्याआधी मला स्वयंपाकघरात बोलावून दम भरला. "अहो, शून्यगड हा शब्द आज या घरात निघता कामा नये. मागे शेजारच्यांच्या बारशाला तुम्ही काय केलंत ते मी विसरलेली नाही." (बाळाला सेनापतीचं नाव सुचवलं होतं. त्यात वाईट काय होतं ते मला आजही कळलेलं नाही.)

मी शब्द दिला. आणि पाळला! पानं वाढून होईपर्यंत मी फक्त द्राक्षांची छाटणी, हवामान आणि मोतीबिंदू या तीनच विषयांवर बोललो. अण्णा मुळात बोलत नाहीत, त्यामुळे ते खूश. विमलताई हसतमुखाने जेवत होत्या, गार्गी त्यांच्या पानात तूप वाढत होती, त्या तिला पुरे पुरे म्हणत होत्या. बहिणीचा जीव भांड्यात पडलेला स्पष्ट दिसत होता.

मग उखाणे सुरू झाले. अक्षयने लाजत घेतला, गार्गीने झोकात घेतला. विमलताई म्हणाल्या, आता मामा-मामींचं होऊ द्या. सुनंदाने हातातली पुरणपोळी न ठेवता उखाणा घेतला. तिच्याकडे ते कायम तयार असतात, विरजणासारखे. राहिलो मी. सगळे माझ्याकडे बघायला लागले आणि माझं डोकं कोरं झालं. लग्नात घेतलेला उखाणा आठवेना, महादेव-पार्वती आठवेनात, मोगऱ्याचं फूलसुद्धा आठवेना. डोक्यात उरलं होतं ते तेवढंच, जे कायम असतं. मी घसा साफ केला आणि म्हणालो:

"शेवटच्या भागात सेनापतीने दिला गडासाठी प्राण,
सुनंदाच्या पुरणपोळीने राखला पाहुण्यांचा मान!"

('शून्यगड' हा शब्द मी काढला नव्हता, याची नोंद घ्यावी.)

टाळ्या वाजल्या. म्हणजे दोघांनी वाजवल्या, अण्णांनी आणि मी. विमलताईंचा घास हातातच राहिला होता. गार्गी माझ्याकडे बघत होती, लहानपणी तिच्या हातातला फुगा माझ्या हातून फुटला होता तेव्हा बघितलं होतं अगदी तशी.

"सेनापती मरतो?" विमलताईंनी हळूच विचारलं.

त्या क्षणी मला सगळं कळलं. त्या लांबलेल्या फोनांमध्ये दोघी शून्यगडच बघत होत्या! इकडे गार्गी, तिकडे विमलताई, रोज एक भाग, आणि मग त्यावर चर्चा. जी गार्गी माझ्या मालिकेला नाक मुरडायची ती सासूशी बोलायला विषय मिळावा म्हणून पहिल्या भागापासून बघायला लागली होती. फक्त शेवटचा भाग त्यांनी राखून ठेवला होता. लग्नानंतर निफाडच्या घरात शेजारी बसून बघायचा, असं दोघींचं ठरलं होतं.

शहाण्या माणसाने इथे गप्प बसून ताक प्यायलं असतं. मी सावरायला गेलो. म्हटलं, तसा तो अगदी डोळ्यांदेखत मरत नाही, नुसतं दार लावून घेतो. 'दार?' विमलताई म्हणाल्या. हो, मी म्हटलं, कारण गडाचा नकाशा शत्रूला मिळालेला असतो ना! कुणी दिला, असं त्यांनी विचारलंच नव्हतं. पण मी सांगितलं. म्हटलं, सेनापतीच्या मरणाचं फार मनावर घेऊ नका, त्याची सख्खी बहीण फितूर निघते त्याचा धक्का जास्त मोठा आहे.

सुनंदाने डोळे मिटून घेतले. बहिणीने देवघराकडे बघितलं. अक्षय म्हणाला, "मामा, तुम्ही पापड घ्या."

विमलताईंनी अर्धी पुरणपोळी पानात ठेवली. "पोट भरलं माझं," म्हणाल्या आणि हात धुवायला उठल्या. केळवणाला विहीणबाई अर्ध्या जेवणावरून उठल्या म्हणजे काय, ते आमच्याकडे समजावून सांगावं लागत नाही. सुनंदाने ओटी भरली ती त्यांनी घेतली, नमस्कारही झाले, पण गाडीत बसताना त्या गार्गीशी नेहमीसारखं काही बोलल्या नाहीत. गाडी गेल्यावर गार्गी मला एवढंच म्हणाली, "मामा, तुला दुसरा एकही उखाणा येत नाही?" मला खरंच येत नव्हता.

त्यानंतर संध्याकाळचे फोन पुन्हा आखडले. जेवलीस का. हो. काय होतं. पोळीभाजी. बहीण पुन्हा दुकानात येऊन बसायला लागली, पण आता माझ्याकडे पाठ करून. मी रविवारी मिसळीला गेलो तर तर्रीसुद्धा गळ्याखाली उतरेना. एरवी सेनापती मेला हे सिद्ध करताना मला कोण आनंद व्हायचा! त्या दिवशी पहिल्यांदाच वाटलं, की मेला तर मेला, पण ते मी का सांगत फिरतोय?

शेवटी सुनंदा म्हणाली, चला. गाडी तिने चालवली, मी शेजारी चिवड्याचा डबा मांडीवर घेऊन बसलो. निफाडला पोचलो तेव्हा विमलताई ओसरीवर भुईमुगाच्या शेंगा फोडत होत्या. चहा आला. मी म्हणालो, ताई, चुकलं माझं, जिभेला हाड नाही. त्या बराच वेळ शेंगा फोडत राहिल्या.

मग म्हणाल्या, "भाऊ, मालिकेचं काय नाय. मला पोरगी नाय. ही शिकलेली पोर घरात येणार, तिच्याशी मी काय बोलू, याचा मला लय घोर होता. मग ही मालिका घावली. रोज वाटायचं, आज तिला हे सांगीन, ते सांगीन. शेवटचा भाग म्हणजे तिचा हात धरून बघायचा होता. आता ठाऊकच हाय, तर बघायचं काय?"

मला फार वाईट वाटलं. आमची बहीण ज्या काळजीने माझ्या दुकानात रडत होती, तीच काळजी इथे निफाडच्या ओसरीवरही बसलेली होती आणि माझ्या उखाण्याने दोघींचा एकमेव धागा तोडला होता.

"एक इचारू?" त्या म्हणाल्या. "मेल्याचं दाखवलंय का? धडधडीत?"

माझ्याजवळ यावर पाऊण तासाचं भाषण तयार आहे. दार, पांढरा पडदा, संगीत, सगळं मुद्देसूद. मी तोंड उघडलं. सुनंदाने मला असा चिमटा काढला की भाषणाचा पूर्वार्ध तिथेच गेला. मी म्हणालो, "चाहत्यांत दोन मतं आहेत, ताई. ते तुम्ही दोघींनीच बघून ठरवायचं." स्वतःजवळ मत असताना ते न देण्याची ही माझ्या आयुष्यातली पहिलीच वेळ. बरंच दुखलं.

पण विमलताईंच्या हातातली शेंग थांबली. "म्हंजे ठरायचं बाकी हाय?" त्यांनी विचारलं. आणि तिथूनच गार्गीला फोन लावला.

लग्नाआधी मुलीने सासरी जाऊ नये म्हणून मग आमच्याच घरी बसायचं ठरलं. पुढच्या रविवारी निफाडची मंडळी आली. विमलताईंची अट एकच होती, भाऊंनी मधे बोलायचं नाही. त्यावर उपाय सुनंदाने केला. तिने माझ्या तोंडात अख्खी सुपारी ठेवली आणि सांगितलं, ही फोडायची नाही आणि काढायचीही नाही. टीव्हीसमोर गार्गी आणि विमलताई, मागे आम्ही. सेनापतीची बहीण फितूर निघाली तेव्हा दोघींनी मिळून तिला अशा शिव्या घातल्या, की माझ्या सांगण्याने त्यांचं फारसं नुकसान झालं नव्हतं असं मला वाटून गेलं. शेवटी सेनापती दाराकडे निघाला तेव्हा विमलताईंनी गार्गीचा हात धरला. पडदा पांढरा झाला. दोघी रडत होत्या. अण्णासुद्धा उपरण्याने नाक पुसत होते, आणि ते तर केवळ हाच एक भाग बघत होते.

"थांब," विमलताई एकदम म्हणाल्या. "मागं घे जरा."

गार्गीने मागे घेतलं.

"ते बघ! दार लावायच्या आधी त्यानं टोपी खुंटीला अडकवली. मरायला निघालेला माणूस टोपी खुंटीला अडकवंल व्हय? परत यायचा असतो तोच अडकवतो. आमचे अण्णा रोज मळ्यातनं येऊन टोपी तिथंच शोधत्यात."

"आई, बरोबर!" गार्गी ओरडली. विमलताईंना ती आई म्हणाली, हे बहिणीच्या आणि माझ्या एकदमच लक्षात आलं.

आता सगळ्यांनी माझ्याकडे वळून बघितलं. सुनंदाने सुपारी काढायची परवानगी दिली. टोपीचा मुद्दा खोडून काढायला माझ्याजवळ चार उत्तरं होती, चारही पक्की. पण समोर गार्गी बसली होती, तिचा हात अजून विमलताईंच्या हातात होता. "जिवंत असणार," मी म्हणालो. "टोपी माझ्या नजरेतून सुटली होती." चष्मेवाल्याने असं म्हणावं, यावर अक्षय जो हसायला लागला तो थांबेना. मला मात्र इतकं हलकं कधीच वाटलं नव्हतं.

लग्न थाटात झालं. परवाच निफाडला जाऊन आलो. ओसरीपर्यंत गार्गीचं आणि विमलताईंचं हसणं ऐकू येत होतं. मी आत पाऊल टाकलं आणि दोघींनी झटकन टीव्ही बंद केला! नवीन मालिका सुरू केलीय म्हणे, पण कोणती ते सांगायला तयार नाहीत. मी बाहेर येऊन अण्णांना विचारलं. अण्णा म्हणाले, "मलाबी नाय सांगत. म्हणत्यात, तुम्ही भाऊंजवळ बोलाल."

मी काही दुखावलो वगैरे नाही. उलट बरंच वाटलं. शिवाय मी ओळखलंय. टीव्ही बंद होता होता पडद्यावर पोलिसांची एक जीप दिसली होती, आणि तसली जीप असलेली मालिका एकच आहे. ती मी केव्हाच बघून संपवली आहे. फारच सुंदर, तुम्हीही जरूर बघा. फक्त त्यातल्या डॉक्टरकडे नीट लक्ष ठेवा, कारण खून त्यानेच...