जिवतीच्या चौकटीतल्या गोल्फच्या पाट्या

दळणाचा डबा कितीही रिकामा केला तरी तळाशी मूठभर पीठ राहतंच. आपण त्याच्यावरच नवं ओततो आणि जुनं खाली तसंच राहतं. आमच्या शेडमधल्या गोष्टींचं अगदी तसं झालंय. पाहुणे आले, चहा झाला, की कुणीतरी म्हणतं, वहिनी, ती गोल्फची सांगा. एक काढायला जावं तर खालून चार निघतात. तेव्हा आज डबा पालथाच घालते.

शेड म्हणजे बारामतीच्या एमआयडीसीतली आमची पाट्यांची शेड. नव्वद सालानंतरची पहिली काही वर्षं होती. आमचे हे आधी एका कंपनीच्या पेंट शॉपमध्ये नोकरीला होते. ती सोडून यांनी दुकानांच्या, दवाखान्यांच्या पाट्या करायला घेतल्या. जोडीला रशीदभाई. त्यांचं अक्षर असं, की लोक उघडं दुकान सोडून आधी वरची पाटीच वाचत उभे राहायचे.

पण नुसत्या दुकानांच्या पाट्यांवर शेड चालेना. शेवटी आमचे सासरे, ज्यांना घरात सगळे तात्या म्हणतात, त्यांनी एकदा जेवताना सांगून टाकलं, "दिवाळीपातूर बघायचं. न्हाय जमलं तर शेड बंद करून चिंचवडला थोरल्याकडं जायचं. त्यानं नोकरी बघून ठेवलीया."

हे ताटावरून उठले. भाकरी अर्धी तशीच राहिली. आणि त्याच आठवड्यात गोल्फची जीप आमच्या दारात आली.

* * *

कळंबच्या बाजूला माळावर एका कंपनीनं साहेबलोकांसाठी गोल्फचं मैदान केलं होतं. त्याची व्यवस्था बघायला लष्करातून निवृत्त झालेले एक कर्नलसाहेब होते. बोलणं मोजकं, मिश्या भरपूर.

त्यांना प्रत्येक भोकाच्या सुरुवातीला, म्हणजे जिथून चेंडू मारायचा तिथं, एक पाटी हवी होती. भोकाचा नंबर, अंतर, किती टोल्यांत चेंडू आत जावा तो आकडा, आणि छोटा नकाशा. अटी दोनच. उन्हापावसात टिकली पाहिजे. आणि अंतर बदललं किंवा चेंडू लागून पाटी फुटली, तर खांब न उपटता नुसती पाटी बदलता आली पाहिजे. आधी नऊ करून दाखवा, म्हणाले. पसंत पडल्या तर पुढची नऊ भोकं, रस्ते, पाण्याची ठिकाणं, सूचना, सगळं काम तुमचं. दिवाळीच्या आत ठरवू.

दिवाळी हा शब्द ऐकून मी देवघराकडं बघितलं.

सासूबाईंना हे प्रकरण समजावून सांगायचं काम माझ्याकडं आलं. एवढ्या रानात काय लावलंय, त्यांनी विचारलं. गवत, मी म्हटलं. पाणी? रोज देतात. कापतात? रोज कापतात. मग गुरं कुणाची? गुरांना आत यायला बंदी आहे, मी म्हटलं.

सासूबाई बराच वेळ शेंगा फोडत राहिल्या. मग म्हणाल्या, "बाई, पाटी लावायची तर ह्याची लावा. वाचून कुणाला तरी खरं वाटंल."

* * *

पहिला नमुना रशीदभाईंनी हातानं रंगवला. इंग्रजी आकडे, हिरवा नकाशा, त्यात झेंडा. फार सुरेख. कर्नलसाहेबांनी चष्मा लावून पाहिला आणि पाटीच्या वरच्या बाजूला बोट ठेवलं. तिथं बारीक अक्षरांत 'श्री' लिहिलं होतं.

रशीदभाई वयाच्या पंधराव्या वर्षापासून पाट्या रंगवत होते. किराणा असो, केशकर्तनालय असो, आधी श्री आणि मग बाकीचं, हे हाताला पडलेलं वळण. त्यांच्या स्वतःच्या मेव्हण्याच्या मटणाच्या दुकानावर त्यांनी ते लिहून ठेवलं होतं, म्हणजे बघा.

साहेब म्हणाले, हे काढा.

"काढतो की," रशीदभाई म्हणाले. "पण पहिल्या पावसात रंग गेला तर मग मला बोलायचं न्हाय."

कर्नलसाहेबांनी चष्मा काढला, पुसला, परत लावला. आभाळाकडंही एकदा बघितलं असावं.

"मागच्या बाजूला लिहा," ते म्हणाले.

* * *

मैदानावर लावायच्या पाट्या आधी ॲक्रिलिकच्या केल्या होत्या. दिसायला काचेसारख्या. यांनी त्या उन्हात कशा टिकतात ते बघायला घराच्या गच्चीवर ठेवल्या. वैशाखातले दिवस. त्याच गच्चीवर मी कुरडया घातल्या होत्या.

दुपारी सासूबाई कुरडया उलटायला वर गेल्या त्या पदरात काहीतरी घेऊनच खाली आल्या. दोन्ही बाजूंनी वर वळलेली, मधे फुगलेली, भोक नंबर चारची पाटी.

यांच्यापुढं ठेवून त्यांनी शांतपणे विचारलं, "ही तळायची का वाफवायची?"

त्यानंतर ॲक्रिलिक बंद. ॲल्युमिनियमचा पत्रा आला. यांनी तात्यांचं जुनं लोखंडी कपाट शेडमध्ये नेऊन त्यात कॉइल बसवली आणि रंगवलेला पत्रा आत भाजायला लागले. पेंट शॉपमधलं शिक्षण. भाजलेला रंग मग नखानं निघेना, की घासणीनं निघेना. तात्या फक्त एवढंच म्हणाले, की कपाटात माझं धोतर होतं ते कुणी बाहेर काढलं होतं का?

कुणी काढलं नव्हतं.

* * *

पत्रा झाला, रंग झाला. राहिलं बदलता येण्याचं. यांनी पाट्या खांबांना पितळी स्क्रूनं बसवल्या. चार दिवसांनी मैदानावरच्या माळ्यांचे मुकादम ज्ञानोबा आबा एसटीनं शेडवर आले. आबांच्या घरच्यांची पूर्वी मेंढरं होती आणि ती ह्याच माळावर चरायची. आता आबा तिथलं गवत राखायचे.

"पाट्या हायत," आबांनी निरोप सांगितला. "खिळं तेवढं न्हाईत."

पितळ ते. कुणाच्या पेटीला, कुणाच्या दाराला लागलं असणार. हे दोन दिवस डोकं धरून बसले. स्क्रू नको, खिळा नको, आणि पाटी तर निघाली पाहिजे.

तेवढ्यात आषाढी अमावस्या आली. श्रावणाच्या तोंडावर मुलाबाळांच्या आयुष्यासाठी आम्ही जिवतीचा छापील कागद भिंतीवर लावतो आणि दर वर्षी तो नवा आणतो. पूर्वी कणकेच्या खळीनं चिकटवायचो. त्याला मुंग्या लागायच्या आणि भिंतीचे पोपडे निघायचे. म्हणून यांनीच मला एक लाकडी चौकट करून दिली होती. दोन्ही बाजूंना आणि खाली खाच, वरून उघडी. जुना कागद वर ओढायचा, नवा वरून सरकवायचा.

मी तेच करत होते. हे कप हातात घेऊन दारात उभे होते. कागद निघाला, कागद गेला. मागं वळून बघते तर चहावर साय धरलेली आणि यांची नजर चौकटीवर. पुढं येऊन ती भिंतीवरून उतरवायलाच लागले.

"निदान हळदकुंकू तरी होऊ द्या," मी म्हटलं.

"होऊ दे की," म्हणाले आणि तिथंच उभे राहिले. मी पूजा केली, नैवेद्य दाखवला. मग चौकट शेडला गेली आणि जिवती सुतळीवर आली.

त्या श्रावणात शुक्रवारी हळदीकुंकवाला आलेल्या बायका विचारायच्या, अगं, चौकट कुठं गेली? सासूबाई गंभीरपणे सांगायच्या, "गोल्फ खेळायला गेलीया."

* * *

लोखंडी चौकटी झाल्या, खांबावर बसल्या, पाट्या वरून सरकल्या. मी त्याच श्रावणातल्या पहिल्या सोमवारी सोळा सोमवार धरले. त्या वर्षी अधिक महिना आला होता, म्हणून ते दिवाळीच्या सुमारास पुरे होत होते. हा हिशेब मी केला नव्हता. ज्यानं करायचा त्यानं केला होता.

आमच्याकडं पाऊस उशिरा येतो, पण भाद्रपदात येतो तेव्हा बदाबदा येतो. आला. कर्नलसाहेबांनी यांना मैदानावर बोलावून घेतलं आणि थेट पाचव्या भोकापाशी नेलं. चौकट वरून उघडी, खालून बंद. खालची रुंद खाच पन्हळीसारखी पाण्यानं काठोकाठ भरलेली. पाटीचा रंग जसाच्या तसा, आणि पाटीच्या पुढं एक बेडकाचं पिल्लू पाय ताणून पोहत होतं.

"मी पाटी मागितली होती," साहेब म्हणाले.

यांनी त्याच दिवशी सगळ्या चौकटी उतरवून उलट्या बसवल्या. आता पाटी खालून आत जायची आणि आडवी पिन घातली की अडकायची. पाणी यायचं आणि निघून जायचं. साहेबांना ते फार आवडलं. पण एवढी साधी गोष्ट आधी का नाही सुचली, असं त्यांनी पुन्हा पुन्हा विचारलं, तेव्हा यांना खरं ते सांगावं लागलं.

"साहेब, जिवतीला कधी पाऊस लागला नव्हता."

* * *

एका सोमवारी साहेब अचानक शेडवर आले. मी पूजा करून चुरम्याचा प्रसाद घेऊन तिथंच आले होते. रशीदभाईंनी नेहमीप्रमाणं दोन्ही हात पुढं करून घेतला. साहेब म्हणाले, डॉक्टरांनी गोड बंद केलंय.

मी द्रोण पुढं धरून उभी राहिले. या व्रताचा प्रसाद परत न्यायचा नसतो. साहेबही उभे राहिले. शेवटी त्यांनी घेतला आणि खाल्ला. खाताना विचारलं, कशासाठी करता हे? मी सांगितलं, पाट्यांसाठी.

साहेब जरा अवघडले. म्हणाले, "हे बघा, मला पाट्या पसंत आहेत. पण ठरवणार आमचे चेअरमन. दसऱ्यानंतर मुंबईहून येतील, मैदान बघतील. त्यांना काही खटकलं तर सगळं काम मुंबईच्या पार्टीला जाईल. माझ्या हातात काही नाही."

मी दुसरा द्रोण बांधला. "मग एवढा त्यांना द्या," मी म्हटलं.

साहेबांनी नेला. दिला की नाही, कुणाला माहीत.

* * *

आता दसऱ्याचं सांगते.

खंडेनवमीला आपल्याकडं हत्यारं पुजतात. ज्ञानोबा आबांनी आणि त्यांच्या माणसांनीही मैदानावर पुजली. गवत कापायचं यंत्र, विळे, खोरी, पाण्याच्या नळ्या. आणि पाट्या. आता पिन ओढली की पाटी हातात येत होती. नाहीतर बिचाऱ्या खांबावर वर्षभर ऊन खात उभ्या, त्यांना सणाला आणायला नको का? सगळ्या पाट्या पंपाच्या खोलीपाशी आणल्या, धुतल्या, ओळीनं मांडल्या, हळदकुंकू, झेंडूचं फूल, आरती. मग पुसून परत बसवल्या. जी हाताला आली ती, जो खांब समोर आला त्याला.

खांबांवर नंबर नव्हते. आणि आबांची माणसं भोकांना नंबरानं ओळखतच नव्हती. बोरीचं, ओढ्याचं, पंपाचं अशीच नावं. "पाट्या सायबांसाठी," आबांनी नंतर सांगितलं. "आमाला रान ठावं हाय."

दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी चेअरमन आले. यांनाही तिथं उभं राहायला बोलावलं होतं. पहिल्या भोकापाशी हे गेले आणि पाटी बघून जागीच थांबले. ते मैदानातलं सगळ्यात आखूड भोक. तिथं सातव्याची पाटी. सातवं सगळ्यात लांब, पाच टोल्यांचं.

यांनी कर्नलसाहेबांकडं पाहिलं. साहेबांनीही पाटी पाहिली होती. मिश्या तेवढ्या हलल्या.

चेअरमन खेळायला उभे राहिले, पाटी वाचली आणि म्हणाले, सातपासून सुरुवात का?

"आज वारा तिकडून आहे, सर," कर्नलसाहेब म्हणाले.

चेअरमननी टोला मारला. चेंडू वर गेला आणि भोकात रोवलेल्या झेंड्यापाशी जाऊन पडला. त्यांनी एकदा पाटीवरच्या अंतराकडं बघितलं, एकदा झेंड्याकडं, आणि मग बराच वेळ स्वतःच्या हाताकडं. पुढं आत घालायला अजून तीन टोले लागले, पण पाटी पाच म्हणत होती आणि झाले होते चार. दुसऱ्या आणि तिसऱ्या भोकावरही लांबच्याच पाट्या आल्या होत्या. तिथंही तेच. पुढं काय झालं असतं देव जाणे, पण चेअरमनचा गुडघा दुखायला लागला आणि मंडळी जेवायला गेली.

हे संध्याकाळी घरी आले. तात्यांना म्हणाले, थोरल्याला कळवा, मी येतो.  मी देवापुढं दिवा लावला. सोमवार अजून शिल्लक होते.

दुसऱ्या दिवशी सकाळीच जीप शेडच्या दारात. हे उठून उभे राहिले. आबांवर राग काढू नका, खांबांना नंबर घालायचे मीच विसरलो, असं सांगायला लागले. कर्नलसाहेबांनी हातानंच थांबवलं, स्टूल ओढलं आणि चहा मागवला.  रशीदभाई ब्रश धुवायचं थांबले होते.

"चेअरमन म्हणाले, इतकं चांगलं मैदान त्यांनी देशात पाहिलं नाही," साहेबांनी सांगितलं. "आता दर महिन्याला येणार आहेत. सगळं काम तुमचं. फक्त पहिल्या तीन भोकांच्या पाट्यांचे दोन सेट करा. एक रोजचा."

"आणि दुसरा?" यांनी विचारलं.

साहेबांनी बशीतला चहा संपवला. "दुसरा ते येतील त्या दिवशीचा. आणि वाऱ्याचा बाण दाखवणारी एक पाटी करा. फिरवता येईल अशी."