ओट्यावरची धूळपाटी

मुलांना अक्षरं गिरवायला बसवलं, की अक्षरं किती साठतात ते देव जाणे, किस्से मात्र भराभर साठतात. मी काही मास्तरीण नव्हे. वडील मास्तर, स्वतः सातवी पास, आणि लग्न होऊन कळसाडीला आलेली, एवढंच भांडवल. तरी बहिणी भेटल्या की "तुझ्या ओट्यावरच्या शाळेचं सांग" म्हणतात. मग सांगते.

शाळा निघाली ती आमच्या कमलसाठी. तिला सहावं लागलं तेव्हा मी घाबरत घाबरत शाळेचा विषय काढला. माझे सासरे, आबा, म्हणाले, दसऱ्यापर्यंत पोरीनं स्वतःचं नाव लिहून दाखवलं तर मी जातीनं तिला शाळेत नेऊन बसवीन. नाही जमलं, तर हा विषय घरात पुन्हा नको.

क, म आणि ल. काना नाही, मात्रा नाही. मला हायसं वाटलं. शिकवण्यातलं मला काही कळत नव्हतं, हे त्यावरून दिसतंच.

एकटी कमल बसेना, म्हणून शेजारची चार मुलं जमवली. लाकडी फळीवर नदीची चाळलेली बारीक माती पसरायची, ती आमची धूळपाटी. मी मुलाचं बोट धरून मातीत अक्षर काढायचं, मग त्यानं त्याच रेघेवरून गिरवत राहायचं.

*

ओट्याच्या टोकाला आबांची खाट. सासऱ्यांसमोर तोंड करून सुनेनं कसं बसायचं? म्हणून मी त्यांच्याकडे पाठमोरी आणि मुलं माझ्या समोर. मधे धूळपाटी. समोरूनच बोट धरून आठ दिवस सुरेख अक्षरं काढून घेतली.

रविवारी घरची मंडळी शहाद्याहून आली. मंडळी म्हणजे माझे यजमान, तिथल्या कचेरीत कारकून. मुलांच्या मागे उभे राहून बराच वेळ बघत होते. मग हळूच म्हणाले, "सगळी अक्षरं शीर्षासन का करतायत?"

माझ्या बाजूनं सरळ, ती मुलांच्या बाजूनं उलटी! एवढंही माझ्या ध्यानात आलं नव्हतं.

दुसऱ्या दिवसापासून मुलांच्या शेजारी बसले. आता आबा समोर, म्हणून पदर हनुवटीपर्यंत. अक्षरं सरळ झाली. मला मात्र धूळपाटी दिसेना.

*

यजमानांचं नाव ज्या अक्षरावरून सुरू होतं, ते ख आणि घ यांच्या मधे येतं. सासूबाई दाराआड डाळ निवडत बसलेल्या. नवऱ्याचं नाव तर घ्यायचंच नाही, पण त्याचं पहिलं अक्षर तरी त्यांच्या देखत कसं म्हणायचं? मी शिकलेली, मला हे पटत नव्हतं. पण जीभ रेटेना. मी क म्हणे, ख म्हणे, मग जरा खोकून घेई, आणि घ.

मुलं गुणी. आठवड्याभरात पाचही जणं एका सुरात क म्हणायची, ख म्हणायची, खोकायची, आणि घ.

सासूबाई अडुळशाच्या काढ्याची तपेली घेऊन बाहेर आल्या. "बठ्ठा पोरेस्ले खोकला व्हई गया," म्हणाल्या आणि प्रत्येकाला वाटीभर पाजला. मलाही.

*

एकदा मी चुलीवरचं दूध उतरवायला आत गेले, तेवढ्यात शेजारची कोंबडी धूळपाटीवरून चालत गेली. परत आले तर नाना नावाचा सगळ्यात आळशी मुलगा मान खाली घालून गिरवतोय. कोंबडीचं एकेक पाऊल त्यानं तीन तीनदा गिरवलं होतं. रेघ कुठे ढळली नव्हती. माझ्या अक्षराला त्यानं इतका जीव कधीच लावला नाही.

*

दसऱ्याला चार दिवस उरले तेव्हा मी कमलपुढे कोरी धूळपाटी ठेवली. म्हटलं, काढ तुझं नाव.

तिनं मातीकडे पाहिलं, मग माझ्याकडे.

"आई, खाली अक्षर कुठे शे?"

"खाली नाही. तूच काढायचं."

"मग गिरवू कशावर?"

डोळे मिटून गिरवणारी मुलगी, पण कोऱ्या मातीत तिचं बोट पुढे सरकेना. चारही दिवस तेच. मी पोरीला लिहायला नाही, मागून चालायला शिकवलं होतं. दुसरं मला तरी काय येत होतं?

*

दसऱ्याला पूजा झाली. आबा खाटेवर बसले, धूळपाटी स्वतः हलवून कोरी केली आणि म्हणाले, "लिख."

मी दाराआड, पदराचं टोक तोंडात. कमलनं कोऱ्या मातीकडे पाहिलं. मग उठली, आबांच्या शेजारी खाटेवर चढली, आणि मी मुलांचं धरते तसं तिनं आबांचं बोट धरलं.

"आबा, बोट ढिलं सोड. जोर नको लावू."

त्या बोटानं मातीत क काढला. मग म. मग ल. खाली काही नव्हतं.

आबा अक्षरांकडे बघत राहिले, मग स्वतःच्या बोटाकडे. पुढचे दोन दिवस धूळपाटी त्यांच्या खाटेवरच होती, कुणाला हात लावू देईनात. तिसऱ्या दिवशी सकाळी पागोटं बांधलं, कमलला हाक मारली आणि शाळेकडे निघाले. सणाला घरी आलेले यजमान सोबत होते, म्हणून पुढचं मला कळलं.

आबांना लिहिता येत नसे. आयुष्यभर प्रत्येक कागदावर त्यांनी सहीच्या जागी नांगराची निशाणी काढलेली. शाळेच्या मास्तरांना ते ठाऊक. त्यांनी दाखल्याचा कागद पुढे सरकवला, बोट ठेवून जागा दाखवली आणि म्हणाले, काढा नांगर.

आबांनी टाक घेतला. बोटं ढिली सोडली. फार वेळ लागला.

मास्तरांनी कागद उचलून पाहिला. "आबा, हे मुलीचं नाव झालं. इथे तुमचं पाहिजे."

आबांनी टाक दौतीत ठेवला.

"माले इतलंच येस."