भरल्या पोटी दवाखान्यात

आतड्याचा एक तुकडा काढून उरलेलं जोडलं, ते माझं पहिलं ऑपरेशन. जखम भरली, मी सिंदेवाहीच्या शाळेत पुन्हा शिकवू लागले. वर्षभरानं ती कळ सुरू झाली. जेवले की बेंबीच्या वर पीळ पडायचा, घाम फुटायचा. चंद्रपूरच्या दवाखान्यात पोचेपर्यंत मात्र सगळं निवलेलं असायचं आणि स्कॅनमध्ये काही दिसायचं नाही.

दवाखान्यात जायचं ते उपाशीपोटी, ही आमच्या घरची शिस्त. रक्त तपासतील, सोनोग्राफी करतील, म्हणून सासूबाई चहासुद्धा घेऊ देत नसत. रिकाम्या पोटात काय दुखणार? एवढी साधी गोष्ट माझ्या डोक्यात यायला कितीतरी खेपा जाव्या लागल्या.

शेवटी डॉक्टरांनी मनाच्या गोळ्या लिहून दिल्या. नवऱ्याकडे बघून म्हणाले, "बायकांना ताण असतो." त्यानंही हो म्हटलं. डॉक्टरपेक्षा मला त्याच्या हो म्हणण्याचा जास्त राग आला.

पुढच्या खेपेला मी डबा भरून नेला. भात, वरण, वांग्याची भाजी. दवाखान्याच्या पायरीवर मांडी घालून जेवायला बसले. नवरा कासावीस झाला.

"काय करून राह्यली तू? लोक पाहून राह्यले."

"पाहू दे. आज मले दुखलंच पायजे."

भीती वाटत होती, खोटं कशाला सांगू. त्या दिवशी दुखलं नसतं तर जन्मभर वेडी ठरले असते.

डबा संपला आणि थोड्या वेळानं कळ आली. एरवी मी गुडघे पोटाशी घेऊन पडायचे, मग ती उतरायची. त्या दिवशी आत खाटेवर नेलं तरी दात आवळून ताठ बसून राहिले. इंजेक्शन घेऊन आलेल्या सिस्टरला म्हटलं, "दुखणं मारू नका. आधी स्कॅन करा."

डॉक्टर भडकले. "खाऊन कशाला आलात? आता ऑपरेशन करावं लागलं तर भूल कशी द्यायची?"

"उपाशी येतो तवा तुमाले काही दिसत नाई. म्हणून पोट भरून आणलं."

या वेळी दिसलं. आतडं जोडताना आत एक फट राहिली होती, तिच्यात आतड्याचं वेटोळं घुसून पिळलं होतं. पोटातल्या पोटात झालेला हर्निया. वरून हाताला लागत नाही, आणि पोट रिकामं झालं की वेटोळं आपसूक मागे सरायचं. त्यांनी नाकातून नळी घालून पोट उपसलं आणि लगेच ऑपरेशनला घेतलं. आतडं काळं पडायच्या आत सुटलं.

शुद्धीवर आले तेव्हा डॉक्टर खाटेशी उभे राहून नवऱ्याशी बोलत होते. "बाईंचं दुखणं खरं होतं."

घशाला कोरड पडली होती, नळी टोचत होती. तरी म्हटलं, "डॉक्टरसाहेब, ते त्यायले काऊन सांगता? मले सांगा."